अर्ध्या तिकिटाचा पुरावा

महेश एलकुंचवार नाटककार कसे झाले याची हकीकत मराठी नाटकाच्या अभ्यासकांना चांगली परिचित आहे. नागपुरात एका संध्याकाळी ते सिनेमाला निघाले होते. सिनेमाचे तिकीट मिळाले नाही, म्हणून नाटकाला गेले. नाटक होते विजय तेंडुलकरांचे 'मी जिंकलो! मी हरलो!' आणि दिग्दर्शन विजया मेहता यांचे. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तेच नाटक पाहायला गेले आणि आपण नाटकच लिहायचे, असे त्यांच्या मनाने घेतले. १९६७ साली 'सत्यकथे'त 'सुलतान' ही एकांकिका प्रसिद्ध झाली. त्यापुढचा इतिहास या वाचकवर्गाला सांगण्याचे कारण नाही.

या हकिकतीत तीन तिकिटे आहेत: एक न मिळालेले आणि दोन मिळालेली. समीक्षकांनी नाटकाच्या संहितेविषयी लिहिले, प्रयोगाविषयी लिहिले, त्या रात्रीच्या प्रभावाविषयीही लिहिले. तिकिटांचा विचार करण्याचे कोणाला प्रयोजन नव्हते. ती कागदे बहुधा खिशातल्या खिशात चुरगळून धोब्याकडे गेली असतील. पण क्षणभर विचार करावा. सिनेमा कोणता होता, त्याचा दर काय होता, नाटकाचा दर त्याहून किती चढा होता, आयत्या वेळी नाटकाला जागा मिळते आणि सिनेमाला मिळत नाही याचा अर्थ काय, या प्रश्नांची उत्तरे संहितेत नाहीत. ती त्या कागदांवर होती. नागपुरातल्या एका संध्याकाळचा करमणुकीचा सगळा बाजारभाव त्या तीन तिकिटांत होता, आणि मराठी नाटकाला एक नाटककार मिळाला तो त्या बाजारभावाच्या एका अपघातामुळे.

आम्ही काही मित्र गेली कित्येक वर्षे सीताबर्डीवरून असले कागद गोळा करतो. नाटकांची हस्तपत्रके, सिनेमाच्या गाण्यांच्या चोपड्या, तिकिटांचे अर्धुके, सर्कशीच्या जाहिराती, संमेलनांच्या स्मरणिका, प्रदर्शनांची प्रवेशपत्रे, दिवाळी अंकांची सुटी मुखपृष्ठे. घरच्यांच्या भाषेत सांगायचे तर कचरा.

नागपूरकर सीताबर्डीला नुसते 'बर्डी' म्हणतात. इतिहासाच्या पुस्तकात हे नाव येते ते नोव्हेंबर १८१७ च्या लढाईमुळे. अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेशी इंग्रजांची गाठ पडली ती याच टेकडीवर. आज टेकडीवर किल्ला आहे आणि खाली बाजार. पण साहित्याच्या विद्यार्थ्याला बर्डीचे महत्त्व निराळ्या कारणासाठी वाटावे. विदर्भ साहित्य संघाची वास्तू इथे, झाशी राणी चौकात. धनवटे रंगमंदिरही इथलेच. व्हरायटी चौकाला ते नाव ज्या चित्रपटगृहामुळे पडले ते गेले, चौकाचे नाव राहिले. रीजंट, आनंद ही नावे घेतली की साठीच्या घरातला नागपूरकर अजूनही एखाद्या चित्रपटाची आठवण काढतो. मॉरिस कॉलेजची पोरे, हिस्लॉपची पोरे, कचेऱ्यांतले कारकून, खेड्यातून खरेदीला आलेली कुटुंबे अशा सगळ्यांचे पाय संध्याकाळी बर्डीकडे वळत. जिथे करमणूक तिथे तिकीट, जिथे तिकीट तिथे हस्तपत्रक, आणि जिथे हस्तपत्रक तिथे काही वर्षांनी रद्दीवाला. तीच साखळी उलट्या दिशेने चालत जाणे, एवढाच आमचा उद्योग.

मराठी नाटक आणि तिकीट यांचा संबंध जुना आहे. विष्णुदास भाव्यांचे 'सीतास्वयंवर' १८४३ साली सांगलीला झाले ते राजाश्रयाने. पुढे आश्रय आटला, मंडळी बाहेर पडली आणि १८५३ साली मुंबईला ग्रँट रोडच्या नाटकगृहात तिकीट लावून खेळ झाले. आपल्याकडे हा टप्पा 'व्यावसायिक रंगभूमीचा उदय' अशा भारदस्त शब्दांत सांगतात. आम्हांला तो अगदी साध्या रूपात दिसतो: प्रेक्षकाच्या हातात एक कागद आला आणि त्या कागदाने त्याची बसायची जागा ठरवली. राजाच्या दरबारात जागा मानाप्रमाणे मिळे, आता पैशाप्रमाणे मिळू लागली. हस्तपत्रकावरची दरांची यादी म्हणजे समाजाचा आडवा छेदच असतो. वर खुर्च्या, खाली पिट, त्याखेरीज स्त्रियांसाठी वेगळी बैठक. 'पिटातल्या प्रेक्षकाला खूश करणारे नाटक' असे आपण आजही लिहितो. पुष्कळदा लिहिणाऱ्याच्या लक्षातही येत नाही की आपण रसिकतेविषयी नव्हे, तिकिटाच्या दराविषयी बोलतो आहोत. समीक्षेचा एक शब्द, त्यातल्या सगळ्या तुच्छतेसह, तिकीटखिडकीवरून आला आहे. गडकऱ्यांच्या विनोदाविषयी, कोट्यांविषयी जो 'पिटा'चा आक्षेप घेतला जातो, तो या दृष्टीने एकदा तपासून पाहण्याजोगा आहे. (गडकऱ्यांचा अंत १९१९ च्या जानेवारीत झाला तो नागपूरपासून जवळ, सावनेरला. या भागातल्या जुन्या घरांतून 'भावबंधना'चे एखादे हस्तपत्रक निघेल अशी आशा आम्ही सोडलेली नाही.)

आता प्रत्यक्ष एका कागदाकडे येतो. बर्डीवरच्या एका रद्दीच्या गठ्ठ्यात, जुन्या पाठ्यपुस्तकाच्या वेष्टणाला आतून चिकटलेले एक गुलाबी हस्तपत्रक आम्हांला मिळाले. मंडळीचे नाव होते तो कोपरा नेमका गेलेला. उरलेल्या भागात 'शनिवार ता. ९ नोव्हेंबर, रात्रौ ९॥ वाजतां' एवढे स्पष्ट होते. साल नाही. हस्तपत्रकांवर साल नसतेच. ज्याने ते उद्याच्या खेळासाठी छापले त्याला साल ठाऊक होते आणि आपण त्याच्या हिशोबात नव्हतो.

येथून खरी मजा सुरू होते. ९ नोव्हेंबर शनिवारी कधी आला? १९३५, १९४०, १९४६, १९५७, १९६३. दर रुपये-आण्यांत होते. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली, तेव्हा शेवटची दोन साले बहुतेक बाद. तळाशी छापखान्याच्या नावापुढे 'नागपूर, सी. पी.' असे होते, आणि हे नाव १९५० मध्ये मध्यप्रदेश झाल्यावर मागे पडले. म्हणजे ती दोन साले पुरतीच बाद. दरांच्या खाली बारीक टायपात 'करमणूक कर वेगळा' होते. मध्यप्रांत व वऱ्हाडात करमणूक कराचा कायदा झाला १९३६ साली (मुंबई इलाख्यात तो १९२३ पासूनच होता). तेव्हा १९३५ ही गेले. उरली दोन वर्षे, १९४० आणि १९४६.

पत्रकाच्या मागे शिसपेन्सिलीने घरखर्चाचा हिशोब होता आणि त्यात 'रेशन साखर' अशी नोंद. रेशनिंग महायुद्धाच्या मधल्या वर्षांत आले, म्हणून आमच्यापैकी एकाने तत्काळ १९४६ चा निकाल दिला. दुसऱ्याने हरकत घेतली. हिशोब पत्रकानंतर सहा वर्षांनी कशावरून लिहिलेला नाही? यावर पहिल्याचे म्हणणे असे की, हिशोबाच्या कागदासाठी कोणी हस्तपत्रक सहा वर्षे जपून ठेवत नाही. दुसऱ्याचे उत्तर: आपण साठ-सत्तर वर्षे जपलेलेच जपतो आहोत की! युक्तिवाद बिनतोड होता, तरी आम्ही वहीत १९४६ लिहिले आणि पुढे प्रश्नचिन्ह घातले.

पाठचिकित्सा शिकवणाऱ्या शिक्षकांना आमची एक सूचना आहे. 'अंतर्गत पुरावा' आणि 'बाह्य पुरावा' या संज्ञा विद्यार्थ्यांच्या गळी उतरत नसतील तर त्यांच्या हाती असे एखादे पत्रक द्यावे. राज्याचे नाव, नाणे, कर, अनुस्वार, सगळे साक्षीला उभे राहते. 'नाहीं', 'कांहीं', 'वाजतां' अशी रूपे असतील तर बहुधा १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांपूर्वीचा कागद. अर्थात जुन्या वळणाचे जुळारी पुढेही वर्षानुवर्षे अनुस्वार देतच राहिले, म्हणून हा साक्षीदार तितकासा भरवशाचा नाही. 'नये पैसे' असेल तर १९५७ ते १९६४. पत्त्यात पिनकोड असेल तर ऑगस्ट १९७२ नंतरचा. आणि नागपूरची अशी एक खास खूण आहे: हे शहर दहा-अकरा वर्षांच्या आत चार निरनिराळ्या नावांच्या राज्यांत होते. १९५० पर्यंत मध्यप्रांत व वऱ्हाड, १९५६ पर्यंत मध्यप्रदेश आणि त्याची राजधानी, मग मुंबई राज्य, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली तेव्हा हे शहर मध्यप्रदेशाची राजधानी होते. अठराच दिवसांनी ते त्या राज्यात राहिले नाही. त्या ऑक्टोबरातल्या कागदावर 'म. प्र.' दिसले की नवखा माणूस चक्रावतो.

पत्रकाच्या तळाशी छापखान्याचे नाव असते ते छापखानदाराच्या हौसेने नव्हे. १८६७ च्या मुद्रण व पुस्तक नोंदणी कायद्याने ते बंधनकारक केले होते. पुस्तक असो वा अन्य छापील कागद, मुद्रकाचे नाव आणि छापण्याचे ठिकाण त्यावर हवे. १८५७ च्या धामधुमीनंतर दहा वर्षांनी झालेला हा कायदा. सरकारला कागदाची भीती वाटत होती हे उघड आहे. पण त्याच कायद्यात सरकारकडे प्रत दाखल करायची ती पुस्तकाची. स्वातंत्र्यानंतर १९५४ साली ग्रंथालयांना प्रती देण्याचा कायदा झाला, तो पुस्तकांसाठी. १९५६ मध्ये त्यात वृत्तपत्रे आली. हस्तपत्रक, तिकीट, कार्यक्रमपत्रिका कुठेच नाहीत. म्हणजे हा कागद कोणी छापला हे शासनाला हवे होते, तो कागद मात्र नको होता. १८६७ चा तो कायदा जाऊन २०२४ च्या मार्चपासून नवा कायदा अमलात आला आहे, पण आमच्या गुलाबी पत्रकाला त्याने काही फरक पडत नाही.

याची एक उपरोधिक बाजू आहे. जे कागद सरकारने जप्त केले ते टिकले. बंदी घातलेली पत्रके, कवने, चोपडी पोलिसांनी गोळा केली, त्यांच्या याद्या झाल्या, त्यांतली काही दिल्लीला राहिली, काही लंडनला गेली, आणि आज संशोधक ती तेथे जाऊन वाचतात. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर १९१० मध्ये बंदी आली. तेच खाडिलकर १९३३ साली नागपूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. बंदीचे कागद दफ्तरात आहेत. संमेलनाला आलेल्या सामान्य रसिकाच्या छातीवरचा बिल्ला, त्याचे प्रवेशपत्र, त्याचे भोजनाचे कूपन आम्हांला अद्याप पाहायला मिळालेले नाही. फार मागे कशाला जावे? २००७ चे संमेलन नागपुरातच झाले, अध्यक्ष अरुण साधू. त्याची स्मरणिका प्रयत्नांती मिळते. कूपन मात्र आमच्या संग्रहात एकच आहे, आणि तेही ज्याने त्या दिवशी उपास केला त्याच्याकडून मिळालेले.

शंकर गणेश दाते यांची ग्रंथसूची ज्यांनी हाताळली आहे त्यांना एका माणसाच्या चिकाटीने काय होऊ शकते हे ठाऊक आहे. १८०० ते १९३७ पर्यंतची मराठी पुस्तके त्यांनी हिंडून, पाहून नोंदवली. नियतकालिकांचीही सूची झाली. पण कोणत्याही सूचीला कुठेतरी थांबावे लागते, आणि आपली सूची पुस्तक आणि नियतकालिक यांपाशी थांबली. दात्यांना दोष देण्याचा हेतू नाही. आमचे म्हणणे एवढेच की, सूचीची मर्यादा हळूहळू साहित्येतिहासाची मर्यादा होऊन बसली.

आणि ही मर्यादा सर्वांना सारखी लागत नाही, हा यातला बोचणारा भाग. किसन फागुजी बनसोडे यांनी नागपुरातून 'निराश्रित हिंद नागरिक' (१९१०), 'विटाळ विध्वंसक' (१९१३), 'मजूर पत्रिका' (१९१८) ही पत्रे चालवली. दलित पत्रकारितेच्या प्रत्येक इतिहासात ही नावे येतात, आणि बऱ्याचदा नावेच येतात. ज्यांचे वाचक गिरणीत कामाला जात, एका खोलीत राहत, ज्यांच्या घरी काचेचे कपाट नव्हते, त्यांचे कागद कुठे टिकणार? कापडगिरणीच्या नागपुरातले ते जीवन आपल्याला वसंत मून यांच्या 'वस्ती'त दिसते. मून यांनीच पुढे डॉ. आंबेडकरांच्या वाङ्मयाच्या शासकीय खंडांचे संपादन केले, त्यामागे कागद जमवण्याचे आयुष्यभराचे वेड होते. ते वेड नसते तर काय राहिले असते, हा विचार करून पाहावा. आजही दीक्षाभूमीवर दसऱ्याला लक्षावधी माणसे येतात आणि पुस्तकांच्या, पुस्तिकांच्या, दिनदर्शिकांच्या रांगाच्या रांगा लागतात. दहा-वीस रुपयांच्या त्या पुस्तिकांपैकी किती आपल्या महाविद्यालयीन ग्रंथालयांत जातात? आम्ही दर वर्षी पिशवी भरून आणतो, आणि दर वर्षी असे काही तरी राहून गेलेले आढळते जे पुढच्या वर्षी मिळत नाही.

संग्राहकांच्या बाजाराचा याच्याशी थेट संबंध आहे. आज सिनेमाच्या चोपडीला भाव आहे. एक-दोन आण्यांना चित्रपटगृहाच्या दारात विकली जाणारी ती चोपडी, तीत कथासार अर्धवट सांगून 'पुढे काय झाले ते पडद्यावर पाहा' असा डाव टाकलेला असे. 'प्रभात'ची असेल तर तिच्यावर उड्या पडतात. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने, १९६४ साली ते स्थापन झाल्यापासून, पी. के. नायर यांच्या दृष्टीमुळे चित्रपटांच्या जोडीने असले कागदही जमवले, हे आपले भाग्य. पण ज्याला भाव नाही त्याला रद्दीवालाही वेगळे काढत नाही. मजुरांच्या सभेचे पत्रक आणि 'प्रभात'ची चोपडी एकाच गठ्ठ्यात आली तर पहिले लगद्याकडे जाते. आपल्या आवडीनिवडीने आपणही त्या निवडीत सामील असतो. आमच्या संग्रहाची पहिली पाच वर्षे आम्ही हेच केले, हे कबूल केले पाहिजे.

परदेशात या उद्योगाला प्रतिष्ठा फार आधी मिळाली. ऑक्सफर्ड विद्यापीठाचे मुद्रक जॉन जॉन्सन यांनी, एरवी वापर झाल्यावर केराच्या टोपलीत जाईल असे सारे छापील जमवले. १९६८ साली तो संग्रह बॉडलियन ग्रंथालयात गेला आणि आज तिथे विद्वान बसतात. अमेरिकेतली गोष्ट आणखी गमतीची. डिस्नेलँड १९५५ साली उघडले तेव्हा थोड्याच महिन्यांत तिथे तिकिटांची पुस्तिका निघाली: 'ए' तिकिटावर साधीसुधी करमणूक, पुढच्या अक्षरांवर चढती. १९५९ पासून 'ई' तिकीट आले, ते सर्वांत थरारक खेळांसाठी. पुस्तिका १९८२ मध्ये बंद झाल्या, तरी 'ई तिकीट' हा शब्द कळस गाठणाऱ्या अनुभवासाठी अमेरिकन इंग्रजीत राहिला. १९८३ साली अंतराळात गेलेल्या सॅली राइड यांनीही उड्डाणाचे वर्णन करताना तोच वापरला. अशा पुस्तिकेत उरलेली, न वापरलेली तिकिटे आज तिथले संग्राहक जिवापाड जपतात. त्यांचे सर्वांत वरचे तिकीट भाषेत कौतुकाचा शब्द होऊन बसले, आमचे सर्वांत खालचे तिकीट हेटाळणीचा. दोन रसिकतांची तुलना करायला हा दाखला वाईट नाही.

आपल्याकडे असे उद्यान उशिरा आले. दिल्लीचे अप्पूघर १९८४ चे, तेही २००८ मध्ये बंद झाले. त्याआधी ते काम जत्रेने, प्रदर्शनाने आणि सर्कशीने केले. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये सर्कस उभी केली, आणि पुढे देवल, कार्लेकर ही नावे घरोघर पोचली. नागपुरात तंबू आणि आकाशपाळणे लागत ते कस्तुरचंद पार्कवर, बर्डीच्या किल्ल्यापासून हाकेच्या अंतरावर. सर्कशीची जाहिरात नाटकाच्या पत्रकाहून निराळी. नाटकवाले शब्दांवर विसंबत, सर्कसवाल्यांच्या पत्रकावर वाघ हवाच. वाघाचा तोच ठसा दोन निराळ्या सर्कशींच्या पत्रकांवर आम्ही पाहिला आहे. ठसा छापखान्याचा, सर्कस कोणाचीही.

एक तात्त्विक वाद आमच्यात अजून मिटलेला नाही. संग्राहकाला अखंड तिकीट हवे असते. कोरे, कडक, न फाटलेले. बाजारात त्याचीच किंमत जास्त. पण अखंड तिकीट म्हणजे न झालेली करमणूक. कोणी तरी आलेच नाही, किंवा खेळ रद्द झाला, किंवा छापखान्यात गठ्ठा उरला. दारावरच्या माणसाने फाडून परत दिलेला अर्धा तुकडा हाच प्रेक्षक आत गेल्याचा पुरावा. एका निवृत्त शिक्षकाच्या रोजनिशीत आम्हांला असे तुकडे टाचणीने लावलेले मिळाले, त्या त्या तारखेच्या पानाला. टाचण्या गंजल्या होत्या, कागदावर तांबूस डाग होते. नियमाप्रमाणे टाचण्या काढून तुकडे वेगळ्या पाकिटांत ठेवायला हवेत. आम्ही टाचण्या काढल्या, पण तुकडे त्या त्या पानातच ठेवले. पानावरून काढले की ते तिकीट राहते, त्याची संध्याकाळ जाते. एका संस्थेने, नाव सांगत नाही, अशाच रोजनिशीतून 'प्रदर्शनीय' तुकडे तेवढे कापून घेतलेले आणि उरलेले वजनावर दिलेले आम्ही पाहिले आहे. ते उरलेले आमच्याकडे आहे. त्यात पानापानावर चौकोनी भोके आहेत.

जतनाविषयी दोन शब्द, कारण घरोघरी चुका त्याच होतात. चिकटपट्टी लावू नये. काही वर्षांत ती पिवळी पडते आणि कागदात कायमची मुरते. लॅमिनेशन करू नये, ते परत निघत नाही. वृत्तपत्री कागद स्वतःच्याच आम्लाने ठिसूळ होतो, म्हणून त्याला दुसऱ्या कागदाशेजारी उघडा ठेवू नये. कसर आणि वाळवी विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात नव्हे, पावसाळ्यात लागते. आषाढात एकदा सगळे उलटून पाहावे.

नव्या कागदांचा प्रश्न मात्र याहून कठीण आहे. १ जुलै २०१७ पासून करमणूक कर वस्तू व सेवा करात विलीन झाला, तेव्हा तिकिटावरची ती जुनी ओळही गेली. मल्टिप्लेक्समधले तिकीट थर्मल कागदावर येते; शाई नाहीच, उष्णतेने कागद काळा होतो, आणि उष्णतेनेच पुढे सगळा करडा होऊन जातो. नागपूरचा मे महिना त्याला पुरेसा आहे. आम्ही २०१९ च्या मार्चमध्ये, मेट्रो सुरू झाली त्या दिवसांत, घेतलेले एक तिकीट पुस्तकात ठेवले होते. परवा पुस्तक उघडले. कागद तसाच आहे, पांढरा, आणि मधोमध घडीची रेघ.